बेस गिटारचा सेटअप घरच्या घरी: ट्रस रॉड फिरवण्याआधी हे वाचा

बडोद्यात पावसाळा ओसरतो आणि पाठोपाठ नवरात्र येतं. गरब्याच्या बेसवाल्याला रोज रात्री तासन्‌तास सलग वाजवायचं असतं. दमट हवेत पावसाळा काढलेली गिटार तशीच स्टेजवर नेऊ नका. लाकूड ओल पितं, नेकचा (गिटारच्या लांब मानेचा) बाक बदलतो; मग तारा फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खरखरतात, नाहीतर इतक्या वर जातात की बोटं भरून येतात. सेटअप घरी होतो, फक्त क्रम मोडायचा नाही: आधी नेक, मग तारांची उंची, शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं.

नव्या तारा चढवून सुरात लावा. जाडी आत्ताच ठरवा, नंतर बदललीत तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. ४५-१०५ चा (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात, सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेचे) संच उत्तम.

आता ट्रस रॉड. गिटारी बिघडतात त्या इथेच. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस आणली तेव्हा तारेची वाजती लांबी ३४ इंच ठेवली; आजही बहुतेक बेस त्याच मापाच्या असतात. एवढ्या लांब, सडपातळ नेकला चार जाड तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या जोराने ओढतात. नेकच्या पोटातला पोलादी रॉड ती ओढ तोलून धरतो, त्याचं काम एवढंच. ‘तारा खाली आणायच्या? रॉड आवळा’ हा सल्ला दुकानातही सर्रास मिळतो. तो साफ चुकीचा आहे. उंची सॅडलवर ठरते, म्हणजे बॉडीवर तार टेकते त्या छोट्या तुकड्यावर.

मोजताना गिटार वाजवायला धरतो तशी धरा, टेबलावर आडवी नको. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर ई तार (सर्वात जाड) दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंत साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं, अंदाजाने बघू नका. फट जास्त असेल तर रॉडच्या टोकाचा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्यापुढे अजिबात नाही. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. रात्रभर ठेवून सकाळी परत मोजा, कारण लाकूड सावकाश बसतं.

किल्ली नेमक्या मापाचीच हवी. सैल किल्लीने नटचे कोपरे झिजले की दुरुस्ती महागात जाते. नट अडला तर तारा सैल करून बघा. तरीही हलला नाही तर जोर न लावता कारागिराकडे न्या. जुन्या घडणीच्या बेसमध्ये नट बॉडीकडच्या टोकाला असतो, तिथे नेक उतरवावी लागते.

खरखर फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर बहुधा नेकचा बाक, म्हणजे वर मोजलेली फट, कमी पडलाय. बाराव्याच्या पुढे असेल तर रॉडला हात लावू नका, सॅडल उचला.

बाराव्या फ्रेटवर ई तार अडीच, सर्वात बारीक ‘जी’ तार दोन मिलिमीटर उंच ठेवा. मैदानात ढोलासमोर हात जड पडतोच, म्हणून घरी हलक्या हाताने वाजवून उंची ठरवू नका.

इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल मागे (नेकपासून दूर), उतरला तर पुढे.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा नेकची फट पुन्हा मोजा.