सायकलवरून प्रॉक्सिमापर्यंत

निवृत्त झालो तरी दर मे महिन्यात पोरांकडून मी हा उद्योग करून घेतो. दुसऱ्या ताऱ्यावर राहायला जायचं खूळ वर्गात आकडे सांगून उतरत नाही. पाय दुखले की उतरतं.

साहित्य: मीटरपट्टी, खडू, सायकल आणि घरचं लाइट बिल.

शाळेच्या भिंतीवर ठिपका काढा, तो सूर्य. एक सेंटिमीटरवर दुसरा, ती पृथ्वी. चंद्र काढायला जाऊ नका. या मापात तो पृथ्वीपासून केसाच्या जाडीएवढाही लांब नाही, आणि माणसाची आजवरची मजल तेवढीच. नेपच्यून 30 सेंटिमीटरवर. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर-1 हे यान एक मीटर सत्तरच्या आसपास.

आता सायकल काढा. सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, 2.7 किलोमीटरवर येतो. आमच्याकडे तिथे नेमकी रसवंती आहे. पोरं त्यासाठीच येतात, मला ठाऊक आहे.

रस पिताना विचारा: व्हॉयेजर वर्षाला 3.6 सेंटिमीटर सरकतं, तर इथवर यायला किती वर्षं? भागाकार त्यांनाच करू द्या. उत्तर 75 हजार यायला हवं.

मग कोणीतरी हमखास म्हणतो, "सर, वेग वाढवायचा!" आता लाइट बिल बाहेर काढा. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने प्रवास 42 वर्षांचा. गतिज ऊर्जेचं सूत्र घ्या: वस्तुमान 1 किलो, वेग सेकंदाला 3 कोटी मीटर. आलेल्या ज्यूलना 36 लाखांनी भागा, की युनिट मिळतात. साडेबारा कोटी! महिना 100 युनिट जाळणाऱ्या घराला लाखभर वर्षं पुरतील. आमच्या पोरांना कोयना लवकर कळते: 1960 मेगावॉटचा अख्खा प्रकल्प अडीच दिवसांहून जास्त पूर्ण क्षमतेने चालवा, तेव्हा कुठे एक किलो. माझं वजन 68. डबा, पाणी, यान वेगळंच.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "पण सर, थांबायचं कसं?" तिकडे ब्रेक लावायला ना रस्ता ना हवा. तिने आकडा दुप्पट केला. तोही कमीच, कारण थांबण्याचं इंधनसुद्धा आधी त्या वेगात आणावं लागतं. ते गणित अकरावीसाठी ठेवा.

किरणोत्सार, 42 वर्षांचं जेवण, वाटेत जन्मणारी मुलं यांवर पोरं आपणहून भांडतात. ऐकत बसा.

रात्री दहाला पुन्हा जमवा. मेअखेरीस दक्षिणेला, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा वर, मित्र हा ठळक तारा दिसतो. प्रॉक्सिमा त्याचाच सोबती, पण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आमच्याकडे डोंगर आड येतो, म्हणून गच्चीवर चढावं लागतं.