कोंबडीच्या तळपायाला कुरूप झाले तर: उपचाराआधीची तयारी

कोंबडी लंगडू लागली किंवा एक पाय सारखा पोटाशी धरू लागली, की आधी तिचे दोन्ही तळवे उजेडात नीट पाहावेत. तळव्याच्या मधोमध काळी, टणक खपली आणि भोवती सूज असेल, तर वेडी बाभळीचा काटा, तुरीचे धसकट किंवा खडबडीत दांडी लागून झालेल्या जखमेत जंतू शिरले आहेत असे समजावे. हे जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जातीचे असतात आणि माणसालाही बाधतात, म्हणून सामानात पहिला मान रबरी हातमोज्यांचा.

बाकीचे सामान म्हणजे पाय बुडवायला पसरट घमेले, जुना स्वच्छ टॉवेल, पोव्हिडोन आयोडीन (जखमेतले जंतू मारणारे औषध), निर्जंतुक गॉज, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, कात्री आणि एप्सम सॉल्ट, म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट. कापसाच्या लाल्यासाठी (पाने लाल पडण्यावर) कृषी केंद्रात मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट नावाने तेच असले, तरी ते खताच्या प्रतीचे असते. जखमेसाठी मेडिकलमधूनच घ्यावे. हे सगळे हाताशी मांडून झाल्यावरच कोंबडी धरावी, कारण तिला धरून ठेवून घरभर कात्री शोधत बसणे तिच्या जिवावर बेतू शकते. पक्ष्यांच्या छातीत आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वास ओढणारा स्नायूचा पडदा, नसते. छाती पुढे-मागे हलली तरच श्वास चालतो. त्यामुळे टॉवेलात गुंडाळताना डोके हलके झाकावे, पंख धरावेत, पण छाती आवळू नये. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर हे काम सूर्य वर येण्याआधीच उरकावे.

लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे एप्सम सॉल्ट विरघळवून पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा, पाणी आधी आपल्या मनगटावर पाहून घ्यावे आणि कोंबडीला ते पिऊ देऊ नये. मग पाय टिपून कोरडा करावा, कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले आयोडीन लावावे, गॉज ठेवावा आणि पट्टी बोटांच्या मधून फिरवून बांधावी. थोड्या वेळाने बोटे सुजलेली किंवा गार लागली, तर पट्टी घट्ट झाली आहे. ती लगेच सोडावी. पट्टी रोज बदलावी, भिजली तर तेव्हाच.

ब्लेड मात्र सामानात ठेवूच नये. कोंबडीचा पू पातळ होऊन वाहत नाही, तो आत घट्ट गोळा होऊन बसतो आणि पिळून निघत नाही. तो काढण्याच्या नादात खोल चिरले, तर जवळचे स्नायुबंध आणि रक्तवाहिन्या दुखावतात, रक्त थांबत नाही आणि जंतू हाडापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होते. भिजवून खपली आपोआप सुटली तर उत्तम, नाही सुटली तर ओढू नये. जखमेवर रॉकेल किंवा जळके ऑइल लावण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ती कृपया सोडावी, त्याने कातडी भाजते.

मुक्कामाची सोयही आधीच करावी. वेगळ्या डालग्याखाली कोरडा भुसा, पाणी आणि दाणे जवळ ठेवावेत. खुराड्यातली दांडी गुळगुळीत, गोल कडांची आणि आपल्या गुडघ्याहून खाली असावी. उंचावरून उडी मारणाऱ्या जड कोंबडीच्या तळव्यावर तोच घाव पुन्हा बसतो. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटून तळवा दिवसभर ओला राहतो, तेव्हा तर पट्टीपेक्षा कोरडी जागा अधिक मोलाची.

पशुवैद्यकाचा नंबर आधीच लिहून ठेवावा. शासनाची १९६२ ही टोल-फ्री सेवा आहे, आणि परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. सूज बोटांत किंवा वर घोट्याकडे चढली, पाय गरम लागला, कोंबडीने दाणे सोडले किंवा आठवडाभरात फरक पडला नाही, तर घरचा उपचार तिथेच थांबवावा. घरातल्या माणसांची उरलेली अँटिबायोटिक गोळी अंदाजाने देऊ नये. डॉक्टरांनी औषध दिले, तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्याच वेळी विचारून घ्यावे आणि तोवरची अंडी वेगळी काढून टाकावीत.