थीम अपडेट झाली आणि वेलांट्या पुन्हा छाटल्या गेल्या

बडोद्याला दांडिया बाजारात राहणारी माझी आत्या वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, पाककृती लिहिते. तिच्या थीममध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल्सच्या संचात, शीर्षकाच्या ओळीची उंची इतकी कमी, की 'पुरणपोळी'चा उकार खालून आणि 'श्रीखंड'ची वेलांटी वरून छाटली जायची. कुणीतरी थेट थीमच्या स्टाइल.सीएसएसमध्ये (अक्षरं, रंग, मांडणी ठरवणारी फाइल) ते नीट करून दिलं होतं. मग थीम अपडेट झाली आणि पहिले पाढे पंचावन्न.

"अरे, मी कशालाच हात लावला नाही!" आत्या म्हणाली. खरंच होतं. अपडेटमध्ये थीमचं अख्खं फोल्डरच बदलतं, त्यातले आपले बदलही जातात. त्यावर उपाय चाइल्ड थीम: मूळ थीमवर बेतलेलं वेगळं फोल्डर, ज्यात फक्त आपले बदल असतात.

नुसत्या दोन ओळींच्या सीएसएससाठी चाइल्ड थीम म्हणजे उगाच खटाटोप. कस्टमायझरमधलं (थीमची सेटिंग्ज बदलायचा पडदा) 'अ‍ॅडिशनल सीएसएस' पुरतं, ते अपडेटने जात नाही. पण आत्याला प्रत्येक पाककृतीवर 'किती जणांसाठी' ही चौकटही हवी होती. म्हणजे सिंगल.पीएचपी, एकेका लेखाचं पान मांडणारी फाइल, बदलणं आलं.

म्हणून चाइल्ड थीमसाठी थीम्सच्या फोल्डरात नवं फोल्डर केलं. त्यात स्टाइल.सीएसएस, वरच्या टिपणीत थीमचं नाव आणि 'टेम्प्लेट'. टेम्प्लेटपुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव लागतं, पडद्यावर दिसणारं नव्हे; बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. सिंगल.पीएचपीची प्रत इकडे आणून बदलली, की वर्डप्रेस तीच वापरतं. फंक्शन्स.पीएचपीची (थीमचा कोड असलेली फाइल) मात्र प्रत करू नका: चाइल्डची आधी, मूळची नंतर, अशा दोन्ही चालतात आणि तीच फंक्शन्स दोनदा आली की साइट कोलमडते.

चाइल्ड थीम चालू करताच लोगो गायब झाला. ही सेटिंग्ज थीमगणिक वेगळी साठतात, तेव्हा तो पुन्हा लावला.