आवडत्या लेखकाची नवी कादंबरी मनातून उतरली, तर

ज्या लेखकाची प्रत्येक कादंबरी आपण आल्याबरोबर विकत घेत आलो, त्याचीच नवी कादंबरी साठाव्या पानाशी जड वाटू लागते. वाचक आधी स्वतःला दोष देतो, मग लेखकाला, आणि शेवटी पुस्तक उशाशी पालथे पडून राहते. गेल्या पावसाळ्यात माझे असेच झाले. हा हिरमोड मी किरकोळ मानत नाही, कारण विशी-पंचविशीत त्याच लेखकाने मला माणसांकडे नीट पाहायला शिकवले होते. त्या वेळी जी रीत हाती लागली, ती येथे मांडतो.

सर्वप्रथम, आपण पुस्तक कसे वाचले ते तपासावे. मी पहिली शंभर पाने संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये, एका हाताने वरची कडी धरून वाचली होती. तीच पाने रविवारी सकाळी तलावपाळीच्या बाकावर बसून पुन्हा वाचली, तेव्हा आधी तुटक वाटलेले संवाद चांगले असल्याचे लक्षात आले. वर्णने मात्र तेव्हाही सैलच वाटली. एवढ्या एका फेरवाचनाने तक्रार निम्म्यावर आली आणि उरली ती खरी आहे याची खात्री पटली.

त्यानंतर, मन नेमके कोणत्या पानावर उडाले ते शोधून समासात पेन्सिलीने खूण करावी. ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. खूण केलेले पान आणि त्याच लेखकाच्या जुन्या कादंबरीतले तशाच प्रसंगाचे पान शेजारी ठेवून मोठ्याने वाचावे. मी ज्या जुन्या कादंबरीवर जीव टाकला, तिच्यात भाऊ गेल्याची बातमी येते तेव्हा आत्या सुपात तांदूळ निवडत असते; ती एक खडा उचलते, तो बोटांत तसाच धरून ठेवते आणि थोड्या वेळाने पुन्हा तांदळातच टाकते. लेखक तिच्या दुःखाविषयी अक्षरही लिहीत नाही. नव्या कादंबरीत तशाच प्रसंगी नायिका रडते, तिला किती दुःख झाले हे निवेदक सांगतो आणि पुढच्याच परिच्छेदात शेजारीणही तेच सांगते. ही दोन पाने एकापाठोपाठ ऐकल्यावर माझी तक्रार मला एका वाक्यात सांगता आली: या लेखकाचा वाचकावरचा विश्वास कमी झाला आहे.

हा बदल एका रात्रीत होत नाही, म्हणून मधली पुस्तके वाचणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण बहुतेकदा एका लाडक्या पुस्तकावरून थेट नव्यावर उडी मारतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली आणि ‘हिंदू’ २०१० साली. मधल्या ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ बाजूला ठेवून या दोन कादंबऱ्यांची तुलना करणारा वाचक पंचविशीतल्या लेखकाला सत्तरी ओलांडलेल्या लेखकाशेजारी उभे करतो आणि मधली सत्तेचाळीस वर्षे विसरतो. आपल्या लेखकाच्या बाबतीतही प्रकाशनाच्या क्रमाने वाचावे. दुकानात न मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्यांसाठी १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या ठिकाणी चौकशी करावी. मी मधल्या दोन कादंबऱ्या वाचल्या, तेव्हा दुसरीत निवेदकाची ही बडबड सुरू झालेली दिसली. त्या काळी मी ती वाचलीच नव्हती.

आपणही बदललो आहोत, हे जुनी कादंबरी पुन्हा वाचताना आपोआप कळते. ती आजही धरून ठेवत असेल, तर खोट बहुधा नव्या पुस्तकात आहे. तीही फिकी वाटली, तर आपली आवड पुढे सरकली आहे.

एवढे करूनही पुस्तक पुढे सरकत नसेल, तर ते अर्ध्यावर सोडावे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. मात्र न वाचलेल्या भागावर मत देऊ नये. ज्याला ती कादंबरी मनापासून आवडली आहे अशा स्नेह्याला, ‘तुम्हाला त्यात काय सापडले?’ असे आधी विचारावे आणि त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे. ‘लेखक संपला’ हे वाक्य मी वापरत नाही; हयात लेखकाविषयी ते बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. मनातले सांगायचेच असेल, तर प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखकाला पत्र लिहावे, आणि त्यात जुन्या पुस्तकाने आपल्याला काय दिले ते आधी लिहून मग खूण केलेल्या पानाविषयी लिहावे. माझ्या पत्रात सुपातल्या खड्याचा प्रसंग पहिल्याच परिच्छेदात आला. उत्तर अद्याप आलेले नाही, पण त्या लेखकाची पुढची कादंबरी मी वाचणार आहे. फक्त ती आधी वाचनालयातून आणीन आणि पहिली तीस पाने घरी बसून वाचीन.