जुन्या आउटबोर्डचा थ्रॉटल जुळवताना आधी केबल काढा

थ्रॉटल दिला की इंजिन क्षणभर गुदमरतं आणि मग एकदम उसळतं, किंवा थ्रॉटल पूर्ण उघडूनही बोट म्हणावी तशी पळत नाही. जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, असं वागू लागलं की लोक लगेच कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळायला लागतात. मला ते अजिबात पटत नाही. प्लग ठीक आहेत, कार्ब्युरेटर साफ आहे, तर आधी लिंकेज, म्हणजे थ्रॉटलची हालचाल पुढे नेणारे आर्म आणि दांड्या, तपासा.

या जातीच्या बऱ्याच इंजिनांत थ्रॉटल एकाच हालचालीत दोन कामं करतो. फ्लायव्हीलखालची टायमिंगची प्लेट फिरवून ठिणगी लवकर पाडतो, आणि कॅमने (वळणदार कडेच्या तुकड्याने) रोलर ढकलून कार्ब्युरेटरची झडप उघडतो. झडप ठिणगीच्या आधी धावली की इंजिन अडखळतं, मागे राहिली की सुस्त होतं. सगळा खेळ या दोघांच्या मेळाचा.

इंजिन बंद करा, प्लगच्या वायरी काढून अर्थ करा. आता रिमोटची, म्हणजे चालकाच्या लिव्हरकडून येणारी, केबल इंजिनाच्या टोकाला सोडवा आणि थ्रॉटलचा आर्म हाताने फिरवा. इथे सगळं हलकं चालत असेल, तर जडपणा केबलमध्ये आहे. आतून गंजलेली केबल बदलायचीच, तेल ओतून वेळ मारून नेऊ नका. आर्मच अडकत असेल किंवा खुळखुळत असेल, तर प्लास्टिकचे बुश (आर्म ज्यांत फिरतो त्या नळ्या) आणि रोलर बघा. झिजलेल्या बुशवर केलेली जुळवणी टिकत नाही.

कार्ब्युरेटर एकाहून जास्त असतील, तर त्यांना जोडणाऱ्या दांडीचे स्क्रू ढिले करा, प्रत्येक झडप स्वतःच्या स्प्रिंगने पूर्ण मिटू द्या आणि मग स्क्रू आवळा. हवेच्या तोंडाकडून टॉर्च मारून सगळ्या एकाच क्षणी उघडतात का ते पाहा.

आता खरं नाजूक काम. कॅमवर एक किंवा दोन रेघा कोरलेल्या असतात. झडप नुकती हलू लागते तेव्हा रोलरचा मध्य या खुणेवर हवा. नेमकं कुठे, ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. झडपेची ती पहिली हालचाल डोळ्यांना सहज दिसत नाही. म्हणून झडपेच्या शाफ्टच्या टोकाला चिमटा लावून त्यात लांब, हलकी तार अडकवायची. शाफ्ट केसभर फिरला तरी तारेचं टोक चांगलं सरकतं. ही युक्ती मी कधीच चुकवत नाही. जुळलं नाही तर रोलर किंवा कॅमचा स्क्रू ढिला करून सरकवा.

मग आर्म पूर्ण थ्रॉटलवर न्या. झडप हवेच्या वाटेला समांतर उभी हवी आणि आर्म स्टॉपवर, म्हणजे त्याला अडवणाऱ्या थांब्यावर, टेकलेला. रोलरपाशी किंचित मोकळीक ठेवा, नाहीतर हाताचा सगळा जोर झडपेच्या शाफ्टवर येतो.

केबल शेवटी जोडायची. लिव्हर न्यूट्रलला असताना आर्म स्लोच्या स्टॉपवर हलका दाबून बसेल, इतकंच तिचं टोक फिरवा.

स्लो स्पीड मात्र बोट धक्क्याला घट्ट बांधून, पाण्यात, गिअर टाकूनच लावा. पाण्याशिवाय काही सेकंदही इंजिन चालवू नका, पंपाचा रबरी इंपेलर जळतो. पाण्याचा पाइप लावून जमिनीवर चालवलंत, तरी थ्रॉटल जोरात देऊ नका. लोड नसल्यानं इंजिन बेफाम फिरतं.