पुन्हा परीक्षेला बसवायचं का? हुशार मुलांचे पालक इथे चुकतात

समजा, प्रज्ञावान मुलांच्या खास वर्गासाठी ९७ पर्सेंटाइल लागत होतं आणि पोरगं ९४ वर थांबलं. निकाल हातात पडताच घरात पहिला प्रश्न निघतो, ‘पुन्हा कधी बसता येईल?’ त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा आकडा आपल्या मुलाचा नाही असं वाटायला नेमकं कारण काय? ‘तो हुशार आहे हो’ हे कारण नव्हे. ताप होता, चष्म्याचा नंबर बदललेला होता, उत्तरपत्रिकेत एक गोल सुटला आणि पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकली, ही कारणं झाली.

पर्सेंटाइलला टक्के समजणं

९४ पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ९४ गुण नव्हेत. तुलनेतल्या शंभर मुलांमध्ये साधारण ९४ जणांच्या पुढे, एवढाच त्याचा अर्थ. तुलना वयाशी केली की इयत्तेशी, तेही अहवालात बघा. वर्गातलं सगळ्यात लहान मूल वयाच्या हिशेबात वर आणि इयत्तेच्या हिशेबात खाली दिसू शकतं.

फक्त एकूण आकडा बघणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. वेश्लरसारख्या बुद्ध्यंक चाचणीत सरासरी १०० धरतात आणि १३० म्हणजे सुमारे ९८ पर्सेंटाइल. पण प्रत्येक आकड्याला पाच-सहा गुणांची मागेपुढे मोकळीक असते. त्यामुळे १२८ आणि १३१ मधला फरक कागदावर मोठा, प्रत्यक्षात नगण्य. अशा काठावरच्या मुलाला पुन्हा बसवण्यात अर्थ असू शकतो, मात्र आकडा खालीही येऊ शकतो हे धरून चाला. ११५ वाल्याला १३० ची आशा दाखवणं मात्र त्याच्यावर अन्याय आहे.

आता विभागवार गुण काढा. भाषा १३५, आकृत्यांचे तर्क १३२ आणि कामाचा वेग १००, असं चित्र बऱ्याचदा दिसतं. हे मूल सावकाश, नीटनेटकं, प्रत्येक खूण दोनदा तपासणारं असेल. पुन्हा परीक्षा घेतली तरी ते सावकाशच लिहिणार! इथे उपाय वेगळा आहे. वेश्लर चाचणीत वेग आणि तात्पुरती स्मरणशक्ती वगळून ‘जनरल अ‍ॅबिलिटी इंडेक्स’ काढता येतो. तो ग्राह्य धरतात का, हे प्रवेश समितीला लेखी विचारा.

दोन महिन्यांत तीच चाचणी

ओळखीची कोडी दुसऱ्यांदा पटापट सुटतात, म्हणून वाढलेल्या आकड्यावर तज्ज्ञ भरवसा ठेवत नाहीत. तीच वैयक्तिक चाचणी साधारण वर्ष-दोन वर्षांनी घेतात. घाई असेल तर वेगळी चाचणी चालेल का ते विचारा. आधीची चाचणी मात्र मानसशास्त्रज्ञापासून लपवू नका. प्रश्नांचा नमुना दाखवणं ठीक, रोज दोन तास घोटून घेणं नको.

निकालाला भविष्य समजणं

१९२१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी प्रज्ञावान मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यांच्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं गळली. पुढे १९५६ आणि १९६८ मध्ये दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. टर्मन यांच्या निवडलेल्या मुलांपैकी एकालाही ते मिळालं नाही, ही गंमत वेगळीच.

मुलाला न विचारणं

‘तू नापास झालास’ हा शब्द घरात नको, कारण या परीक्षेत पास-नापास नसतंच. त्या दिवशी काय झालं ते आधी शांतपणे ऐका. पानं उलटताना दोन चिकटली होती, बाई कडक वाटल्या, असं काहीतरी तेव्हाच कळतं. मग पुन्हा बसायचं का ते विचारा. ‘नको’ म्हणालं तर आठवडाभर विषय काढू नका आणि नंतर एकदाच विचारा. तरीही नको असेल तर अर्ज भरू नका.