प्रोटोजेनीसचा ठराव वाचताना: ग्रीक सन्मानलेखांच्या नव्या अभ्यासकांसाठी

ग्रीक नगरांनी आपल्या धनिक दात्यांना दिलेल्या सन्मानांचे कोरीव लेख मी वाचू लागलो, तेव्हा पहिले काही महिने माझी वही नुसत्या रकमांनी, सोन्याच्या मुकुटांनी आणि कांस्यपुतळ्यांनी भरत होती. वाक्यरचनेकडे पाहा, असे मार्गदर्शकांनी सांगितल्यावर ध्यानात आले की हे लेख म्हणजे नागरिकसभेचे ठराव असून त्यांची घडण आपल्या शासकीय अधिसूचनांतील ‘ज्याअर्थी... त्याअर्थी’सारखी आहे. आरंभी ‘एपेइदे’ म्हणजे ‘ज्याअर्थी’ या शब्दाने दात्याची कृत्ये सांगितली जातात, आणि पुष्कळदा सन्मानांच्या आधी, उपकारकर्त्यांची योग्य उतराई आपले नगर करते हे सर्वांना कळावे, अशा आशयाचे हेतुवाक्य येते. नवोदितांनी हे वाक्य आधी शोधावे, कारण त्याचा रोख उद्याच्या दात्यांकडे असतो.

पहिल्या वाचनासाठी काळ्या समुद्राकाठच्या ऑल्बिया नगराने इ.स.पू. 200 च्या सुमारास प्रोटोजेनीसविषयी केलेला ठराव घ्यावा. राजा सैताफार्नीस नजराणा मागत आला आणि खजिना रिकामा होता, तेव्हा प्रोटोजेनीसने 400 सुवर्णनाणी दिली. 100 नाण्यांसाठी परक्याकडे गहाण पडलेली देवाची पात्रे नाणी पाडणाऱ्याच्या हाती जाणार होती, ती त्याने सोडवली. पुढे टंचाईतील धान्य आणि तटबंदीचे बांधकाम यांचा भारही उचलला, आणि त्याचे व त्याच्या वडिलांचे लोकांकडे असलेले 6,000 नाण्यांचे येणे निघत असताना ऋणकोंना सवलत दिली. ही यादी मी प्रथम औदार्याची म्हणून वाचली. आता तीत मला प्रत्येक संकटात एकाच घराकडे पाहावे लागणाऱ्या नगराची अगतिकता दिसते. त्याला कोणते सन्मान मिळाले ते मात्र वाचता येत नाही, कारण ठरावाचा तो भाग उरलेला नाही.

छापील संहितेत चौकटी कंसातील अक्षरे दगडावर उरलेली नसतात, ती संपादकाने अंदाजाने भरलेली असतात. अशाच एका शब्दावर मी एक अख्खा निबंध उभारला आणि तो मागे घ्यावा लागला, म्हणून कंस पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष लिहू नये.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवरील, धेनुकाकट या गावच्या यवनांची (प्राचीन लेखांत हा शब्द ग्रीकांसाठी येतो) दाने नोंदवणारे छोटे प्राकृत लेखही शेजारी ठेवून वाचावेत. तेथे दात्याचे नाव, गाव आणि दिलेला खांब एवढेच आहे. सभा, ठराव किंवा मुकुट यांचा उल्लेख नाही.